घराभोवती दगडाचं काम: गडगा, पाखाडी, कट्टा (सिमेंटशिवाय)

सड्यावरचा

मंडळी, गावच्या घराच्या डागडुजीची चर्चा निघाली की एक प्रश्न हटकून येतो: परसात उतार आहे, माती वाहून जाते, दगडाची भिंत घालायची आहे, पण गवंडी सिमेंटशिवाय हात लावायला तयार नाही, काय करू? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी भर घाला, पटलं नाही तिथे अडवा.

आमचं घर देवरूखच्या बाजूला, उतारावर आहे. मागे टप्पे करून सुपारी आणि जायफळ लावलंय. टप्प्यांना जांभ्याचे गडगे (चुना-सिमेंट न घालता रचलेल्या, म्हणजे कोरड्या भिंती), विहिरीकडे उतरायला पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), अंगणाच्या कडेला कट्टा. गडग्यांत आणि पाखाडीत सिमेंटचा कण नाही. हे काम वाडीतल्या एका आजोबांच्या हाताखाली शिकलो. त्यांच्याच्याने आता धोंडा उचलवत नाही, पण येऊन बसतात आणि लांबूनच सांगतात, तिसऱ्या थरातला तो काढ, तो नुसता तोंडाला चिकटलाय.

आधी पाण्याचं बोलू, कारण भिंत पडते ती पाण्यामुळे. एक मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबलं, तर दर मीटर लांबीला सुमारे ५०० किलोचा आडवा रेटा बसतो. उंची दीड मीटर झाली की तोच रेटा ११०० किलोच्या वर जातो, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. मातीचा रेटा शिवाय वेगळा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. सांधे सिमेंटने बुजवले की हे पाणी मागेच अडतं. मग भिंतीला पोट येतं, तडा जातो, आणि एखाद्या श्रावणात ती अख्खी खाली येते. कोरड्या गडग्यात प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट असते. खालची माती थोडी खचली तरी दगड सरकून पुन्हा बसतात, भिंत फुटत नाही.

आता दगड. चिरेखाणीवर कोपरा उडालेले, तुटके चिरे (जांभ्याचे घडीव ठोकळे) पडलेले असतात. घरबांधणीला ते कोणी घेत नाही, गडग्याला मात्र उत्तम. अखंड चिरा साधारण ३० किलोच्या घरात भरतो, म्हणजे एका माणसाला उचलता येतो. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, उन्हापावसात पडून राहिला की कडक होतो. घाई नसेल तर आणून एक पावसाळा तसाच टाका. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे पट्टे जास्त असतील तो दगड तळाला घालू नका. हातोडीने ठोकून बघा: खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर आत तडा आहे.

हिशेब असा. चार फूट उंच आणि सरासरी दोन फूट जाड गडगा साडेबारा फूट लांब घातला की १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास होतो. पण डंपरमधल्या ब्रासात पोकळी पुष्कळ असते, म्हणून ब्रासाला दहा फूटच धरा.

पाया खणताना वरची काळी माती पूर्ण काढायची, कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत. सगळ्यात मोठे धोंडे तळाला. भिंतीमागे माती असेल, तर तळाची जाडी उंचीच्या निम्मी तरी हवी, आणि वर जाताना दर फुटाला दीड-दोन इंच मातीकडे कलायला हवं. ओळंब्यात सरळ उभी केलेली भिंत दिसायला झकास दिसते, पण मातीने जरा रेटलं की तिचं तोंड बाहेर यायला लागतं.

रचताना दगडाची लांब बाजू भिंतीच्या पोटात जायला हवी. तोंडाला मोठा दिसावा म्हणून आडवा लावलेला दगड आत चार इंचही जात नाही, आणि तो पहिला निसटतो. एका दगडावर दोन, दोनांवर एक, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. तीन-चार फुटांवर एखादा लांब दगड आरपार घालायचा. पोटात कपच्या भरायच्या, त्याही प्रत्येक थराबरोबर हाताने बसवून. वरून टोपली ओतून भागत नाही. माती तर पोटात अजिबात नको, ती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि आत पोकळी राहते.

आजोबांची एक गोष्ट बघून शिकण्यासारखी आहे. दगड ठेवला की ते त्यावर उभे राहतात आणि वजन या पायावरून त्या पायावर घेतात. डुगडुगला, तर कपची मागच्या बाजूने ठोकायची, पुढून कधीच नाही. पुढून ठोकलेली कपची उन्हाळ्यात सैल होते आणि गळून पडते, वरचा दगड पुन्हा अधांतरी. त्यांचा थर पूर्ण झाला की त्यावरून चालत जाता येतं.

गडग्याच्या मागे फूटभर रुंदीत बारीक दगड किंवा खडी, आणि त्यामागे माती. मधे जिओटेक्स्टाइल कापड घातलं तर माती खडीत शिरत नाही. बाकी हळूहळू प्रतिसादांत लिहितो.

नेचे_आणि_शेवाळ

वाचनखूण साठवली. पाखाडीबद्दल लिहा ना. आमच्या दापोलीच्या घरी जुनी पाखाडी आहे, पायऱ्या हलतात आणि आषाढात इतक्या निसरड्या होतात की आईला एकटीला सोडवत नाही.

सड्यावरचा

नेचेताई, पाखाडी नेहमी खालून वर बांधत यायची. वरच्या पायरीचा दगड खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर दोन-तीन इंच चढवायचा, म्हणजे पायरी पुढे सरकत नाही. चढ सहा इंच, पाऊल ठेवायला तेरा-चौदा इंच. दोन चढ अधिक एक पाऊल मिळून २४ ते २६ इंच झाले की वयस्कर माणसाला दम न लागता चढता येतं. आणि सगळ्या पायऱ्यांचा चढ सारखा ठेवा. एकच पायरी इंचभर उंच असली तरी पाय नेमका तिथे अडखळतो. दगडाला पुढच्या बाजूला हलका उतार द्या, फुटाला पाव इंच पुरे, पाणी थांबत नाही.

निसरडेपणाला दोन उपाय. गुळगुळीत फरशी बसवली असेल तर पाथरवटाकडून टाकी मारून घ्या, पृष्ठभाग खरबरीत होतो. जांभा मुळातच खरबरीत असतो, पण शेवाळ त्यावरही धरतं. पावसाळ्यात दर आठवड्याला माडाच्या हिराच्या खराट्याने घासायचं. ब्लीचिंग पावडरने शेवाळ लवकर जातं, पण ते पाणी उताराने झाडांच्या मुळाशी जातं, म्हणून मी वापरत नाही. आईसाठी एका बाजूने बांबूचा कठडा लगेच लावून घ्या, पायऱ्यांचं काम दिवाळीनंतर करा.

सासवडची_सून

देशावर यालाच आम्ही पौळ म्हणतो. सासऱ्यांच्या शेताला काळ्या दगडाची पौळ आहे, किती जुनी ते घरात कोणालाच सांगता येत नाही. आता घरासमोर बागेत तसेच टप्पे करायचेत. शेत सपाट करताना खूप गोल गोटे निघाले. ते चालतील का? वरून पापुद्रे सुटतात.

सह्यभटक्या

सासवडच्या ताई, ते गोटे म्हणजे आपला बेसाल्टच. खडकाला पडलेल्या भेगांतून पाणी आत शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. आत घट्ट गाभा राहतो. पापुद्रा सुटतोय तोवर तो दगड भिंतीत घालू नका, वजन आलं की चुरा होतो. सुतकीने (मोठ्या घणाने) वरचं कवच झोडून काढा. निळसर-काळा, वाजणारा गाभा लागला की वापरा. पण तो गोल असतो आणि गोलावर गोल बसत नाही. एक बाजू तरी फोडून सपाट करून घ्या, किंवा गोटे बागेतल्या वाटेच्या कडेला आणि आळ्यांभोवती लावा.

वजन डोक्यात असू द्या. काळ्या दगडाचा एक घनफूट ८० किलोच्या पुढे जातो. जांभा उचलणाऱ्या माणसाच्या अंदाजाने काळा धोंडा उचलायला गेलात तर कंबर धरलीच. पहार, लाकडी ओंडके आणि दोन माणसं, याला पर्याय नाही.

दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा पायाखालीच आहे. तो सोडून लोक राजस्थानातून दगड मागवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. सिन्नरचं गोंदेश्वर बघून या, याच काळ्या दगडात किती नाजूक काम होतं ते कळेल.

बांधकामवाला

धागा उत्तम आहे, पण एक सावधगिरी लिहिणं माझं काम आहे. मी सिव्हिल इंजिनीअर आहे. कोरडी भिंत चार फुटांपर्यंत ठीक. त्यापुढे, किंवा भिंतीच्या डोक्यावर गाडी उभी राहणार असेल, वर घर असेल, खाली लोकांची वाट असेल, तर ती अंदाजाने घालू नका. माती तपासून डिझाइन करून घ्या. उंच उतार असेल तर एक आठ फुटी भिंत घालण्याऐवजी चार-चार फुटांचे दोन टप्पे करा आणि मधे पुरेशी सपाट जागा सोडा. टप्पे अगदी जवळ घातले तर वरच्या टप्प्याचं वजन खालच्या भिंतीवर येतं.

आणि सिमेंट सरसकट वाईट नाही. पाणी काढून द्यायची भोकं ठेवली, मागे खडी भरली, तर सिमेंटमधली दगडी भिंतही नीट टिकते. मी पाहिलेल्या पडक्या भिंतींमध्ये बहुतेक ठिकाणी भोकं एकतर ठेवलेलीच नव्हती, किंवा मागे खडी नसल्याने मातीने बुजली होती.

सड्यावरचा

बांधकामवाले, चार फुटांची मर्यादा मला पूर्ण मान्य आहे. मूळ लेखात ठळक लिहायला हवी इतकी ती महत्त्वाची आहे. सिमेंटबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं. भोकं दुसऱ्या पावसाळ्यात बुजली आहेत की नाहीत हे गावच्या बंद घरात बघणार कोण? आमच्याकडे निम्मी घरं गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपात असतात. तिथे जी भिंत माणसाच्या लक्षाशिवाय पाणी सोडते, ती मला जास्त भरवशाची वाटते. आणि कोरड्या गडग्याचा चार फूट तुकडा पडलाच, तर तेच दगड घेऊन दोन माणसं तो पुन्हा उभा करतात. सिमेंटचा तुकडा पडला तर राडारोडा टाकायचा कुठे हा प्रश्न.

डेल्समधला_देशपांडे

मी यॉर्कशायरमध्ये राहतो. इथे डोंगरभर मैलोन्‌मैल अशाच कोरड्या भिंती आहेत, मेंढ्यांच्या कुरणांना घातलेल्या. शनिवार-रविवारच्या एका शिकवणी वर्गाला गेलो होतो, आणि सड्यावरचा यांनी लिहिलेलं जवळजवळ सगळं तिथे त्याच क्रमाने शिकवलं: लांबी आत, सांधे चुकवणं, आरपार दगड, पोटात कपच्या. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकमेकांची भिंत कधी पाहिलेली नसणार, तरी दगडाने दोघांना तेच शिकवलं, याचा मला फार आनंद झाला.

इथली एक युक्ती तुम्हाला उपयोगी पडेल. भिंतीच्या आडव्या छेदाच्या आकाराची लाकडी चौकट करतात, खाली रुंद, वर अरुंद. दोन टोकांना दोन चौकटी उभ्या करून मधे दोऱ्या ताणायच्या. प्रत्येक थराला दोरी वर सरकवायची. कल आपोआप बरोबर येतो, नवशिक्यालाही.

इथे या कारागिरांची संघटना १९६८ पासून आहे, ती परीक्षा घेते, प्रमाणपत्रं देते. २०१८ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या आठ देशांची कोरड्या दगडी बांधकामाची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यात क्रोएशिया, ग्रीस, इटली, स्पेन असे देश आहेत. आपल्या गडगेवाल्यांची साधी नोंद तरी कुठे आहे का?

माडाखालचो

धागो लय आवडलो. आमच्या वाडीत गडगो घालणारी दोनच माणसां रवली हत, आणि दोघांचीय पोरां मुंबयत. गेल्या मे म्हयन्यात त्येंका बोलवन गडगो घालून घेतलंय, आणि माझ्या पोराक त्येंच्या हाताखाली ठेवलंय. त्येनां कपचे भरले, दुसरा काय केल्यान नाय, पण कपचो कसो बसता ता त्येका आता कळता.

सड्यावरचा

माडाखालचो, हे फार चांगलं केलंत. देशपांडे, नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. आजोबा काम सांगत असताना मी फोनवर चित्रण करून ठेवतो, विशेषतः दगड निवडतानाचं. इतरांनीही आपापल्या गावी करावं, आणि बोलीत ते जे शब्द वापरतात ते तसेच राहू द्यावेत.

चिमणीचं_घरटं

आम्ही ठाण्यात फ्लॅटमध्ये. गच्चीला लागून घर आहे. सोसायटीची परवानगी आहे, तर गच्चीवर दगड रचून छोटा धबधबा आणि झाडं असं करता येईल का?

बांधकामवाला

करू नका. आयएस ८७५ या भारतीय मानकात वापरातल्या गच्चीसाठी वरचा भार दीड किलोन्यूटन धरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो. दगडाची फूटभर उंचीची रास चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जाते, त्यावर माती आणि पाणी वेगळं. शिवाय वॉटरप्रूफिंगवर धोंडे घासले की खालच्या घरात गळती. सोसायटीच्या परवानगीने स्लॅबची ताकद वाढत नाही. हौस असेल तर एका उथळ कुंडीत दोन-तीन छान दगड आणि नेचे लावा, बाल्कनीत ठेवा.

रानवाटा

कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी रत्नागिरीत साप पकडून सोडण्याचं काम करते. दगडाच्या राशीत आणि जुन्या गडग्यात फुरसं असतंच असं धरून चाला. ते वीतभर-दीडवीतभर दिसतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण विषारी आहे. दगड उचलताना आपल्यापासून लांबची कड आधी वर करा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि आत कोणी असेल तर ते तुमच्यापासून दूर जातं. बोटं खाली घालण्याआधी पहारेने हलवा. गमबूट आणि जाड हातमोजे घाला, मजुरांनाही द्या. संध्याकाळी अंधुक प्रकाशात काम थांबवा.

चावलंच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काही नको. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात. फुरशावर चालणारी लस तिथे असते.

विंचवाचंही तसंच. कोकणातला तांबडा विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू खूप कमी झाले. पण ते वेळेत मिळायला हवं, म्हणून घरी वेदना सोसत बसू नका.

आणि एक विनंती. जुना गडगा पाडायचा झाला तर सगळा एका दिवसात जेसीबीने उकरू नका. त्यात सापसुरळ्या, बेडूक, पाली राहतात. थोडा थोडा हाताने काढा, त्यांना सरकायला वेळ मिळतो.

नेचे_आणि_शेवाळ

रानवाटा, धन्यवाद. गडग्यावर आपोआप येणाऱ्या झाडांचं काय करायचं? तेरडा आणि नेचे फार सुंदर दिसतात, काढावेसे वाटत नाहीत.

सड्यावरचा

तेरडा, नेचे, आमरी, काहीही काढू नका. त्यांची मुळं बारीक असतात, दगड हलवत नाहीत. पिंपळ, वड आणि उंबर यांना मात्र दोन पानांवर असतानाच मुळासकट उपटा. मूळ बोटाएवढं झालं की ते दगड बाजूला सारतं, आणि वरून तोडलं तरी पुन्हा फुटतं. श्रावणात एकदा आणि दिवाळीत एकदा गडग्याच्या कडेने चक्कर मारली की पुरे.

नाना_खळ्यावरचे

कट्ट्यावर माणसं बसणार, पोरं उड्या मारणार. तोही कोरडा चालतो का? की चुना घालावा? आणि हद्दीवरचा गडगा घालायचा असेल तर?

सड्यावरचा

नाना, कट्ट्याचं अंग कोरडं चालतं, वरचा बसायचा थर मात्र चुना-वाळूत बसवा, मीही तेवढंच केलंय. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटने भरलेल्या सांध्यांमध्ये ओल अडकते आणि जांभ्याची कड झडायला लागते. बसायला उंची दीड फूट, खोली सव्वा ते दीड फूट.

हद्दीवर गडगा घालण्याआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, आणि शेजाऱ्याला मोजणीच्या वेळी बोलवा. गडगा एकदा उभा राहिला की तो हलवणं दोघांच्याही जिवावर येतं.

दगड आणताना परवान्याचंही बघा. चिरा, डबर, मुरूम हे सगळं गौण खनिज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला दंड होतो, गाडीही अडकते. चिरेवाल्याकडून वाहतुकीचा पास मागून घ्या आणि जपून ठेवा. नदीतले गोटे तर कोणी कितीही स्वस्तात आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. ते काढले की काठ ढासळतो, आणि त्या काठावर कोणाची तरी शेती असते.

सासवडची_सून

शेवटचा प्रश्न. काम कधी काढावं? आणि गवंड्याला अंगावर (फुटाच्या दराने ठरवून) द्यावं की रोजावर?

सड्यावरचा

दिवाळीनंतर जमीन वाळली की सुरू करा. कातळ किंवा मुरूम कुठे आहे ते कोरड्यातच नीट दिसतं. मे अखेरपर्यंत मागची खडी आणि माती भरून झाली पाहिजे. मृगाचा पाऊस अर्धवट भिंतीमागे शिरला तर खडीत गाळ बसतो आणि ती सगळी पुन्हा काढावी लागते.

मजुरी रोजावर द्या. अंगावर दिलं की माणूस फूट मोजतो, मग दगड आडवे लागतात आणि पोटात माती जाते. रोजावरचं काम सावकाश होतं, पण तुम्ही स्वतः हजर राहा, निदान तळाच्या दोन थरांना तरी. प्रत्येक थर पूर्ण झाला की वरून चालून बघा. डुगडुगणारा दगड त्याच दिवशी काढायला लावा, वर दुसरा थर चढला की तो निघत नाही.